निलगिरीवरचे पट्टेरी भुंगेरे नेमके कोणते? फवारणीपूर्वी ओळख पटवून घ्यायची आहे

बांधावरचा (कोरेगाव तालुका), १४ जुलै

नमस्कार. आमच्या शेताच्या पूर्वेकडील बांधावर वडिलांनी सोळा वर्षांपूर्वी लावलेली निलगिरीची बेचाळीस झाडे आहेत. त्यांपैकी काही गेल्या वर्षी तोडली, आणि त्यांच्या बुंध्यांना फुटलेल्या धुमाऱ्यांवर चार दिवसांपासून लहान लहान भुंगेरे बसलेले दिसत आहेत. आकाराने मसुराच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, पाठ घुमटासारखी फुगीर, रंग सायीसारखा पांढुरका आणि त्यावर गडद तपकिरी नागमोडी पट्टे. एका धुमाऱ्यावर मी सकाळी अकरा मोजले.

चार छायाचित्रे जोडली आहेत. पहिल्या दोन चित्रांत हे पट्टेरी भुंगेरे आहेत. तिसऱ्यात नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला वेगळा भुंगेरा आहे, आणि चौथ्यात कडेने कुरतडलेले निलगिरीचे पान आहे.

इंटरनेटवर शोध घेतला असता ऑस्ट्रेलियातील निलगिरीची पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांची असंख्य चित्रे समोर आली, आणि त्यांची पाठ तशीच घुमटाकार असल्याने मन धास्तावले. परदेशातील नवी कीड आपल्या भागात आली असेल, तर ती आमच्या बांधावरून पुढे जाऊ नये असे वाटते. तालुक्याच्या गावातील एका कृषी सेवा केंद्रात चित्रे दाखवली, तर तेथील गृहस्थांनी ती नीट न पाहताच कीटकनाशकाची बाटली पुढे केली. बाटली घरी आणली आहे, पण अजून उघडलेली नाही. बांधाला लागून शेजाऱ्यांचा वाघ्या घेवडा आहे आणि त्यांनी तेथे मधपेट्याही ठेवल्या आहेत. त्यामुळे ओळख पटल्याशिवाय फवारणी करण्याचे धाडस होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खानापूरकर (विटा), १४ जुलै

दादा, हे ढालकिडे आहेत, म्हणजेच लेडीबर्ड. घुमटाकार पाठ, चकचकीत अंग, पाठीवर पट्टे किंवा ठिपके हीच त्यांची खूण आहे. मावा खाणारे हे मित्रकीटक असून आमच्याकडे ज्वारीवर आणि करडईवर मावा पडला की ते हमखास दिसतात. फवारणी मुळीच करू नका.

भिंगवाली (सातारा), १४ जुलै

फवारणी थांबवण्याचा खानापूरकरांचा सल्ला अगदी योग्य आहे, मात्र ओळखीशी मी सहमत नाही. मी अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आहे, आणि विद्यार्थ्यांची सर्वांत अधिक चूक याच जागी होताना पाहिली आहे: घुमटाकार पाठ दिसली की ढालकिडा. ढालकिडे आणि पर्णभुंगेरे ही दोन निरनिराळी कुळे आहेत. बाहेरून ती इतकी सारखी दिसतात की केवळ पाठीकडे पाहून निर्णय देणे धोक्याचे ठरते.

फरक मिशांत आणि पावलांत आहे. ढालकिड्याच्या मिशा आखूड असतात आणि टोकाला गाठीसारख्या जाड होतात. पुष्कळदा त्या डोक्याखाली दडलेल्या असल्याने दिसतही नाहीत. पर्णभुंगेऱ्याच्या मिशा लांब, दोऱ्यासारख्या आणि मण्यांच्या माळेप्रमाणे अकरा पेरांच्या असतात. चालताना त्या पुढे पसरलेल्या असतात व नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. पाऊल भिंगाखाली पाहिले तर पर्णभुंगेऱ्याला चार पेरे मोजता येतात. वास्तविक ती पाच असतात, पण चौथे पेर अगदी बारीक असून तिसऱ्या दुभंगलेल्या पेराच्या खोबणीत लपलेले असते. ढालकिड्याच्या पावलाला तीनच पेरे दिसतात, आणि तेथेही एक लपलेले असते.

तुमच्या दुसऱ्या चित्रात मिशा लांब दिसत आहेत, म्हणून पट्टेरी भुंगेरे पर्णभुंगेऱ्यांच्या कुळातील आहेत असे मी बऱ्याच खात्रीने म्हणते. तिसऱ्या चित्राबद्दल मात्र शंका आहे. त्यातील पान मला निलगिरीचे वाटत नाही, त्यावर लव दिसते.

कृपया तीन गोष्टी पाहून कळवा. भुंगेरे पान प्रत्यक्ष खात आहेत की नुसते बसले आहेत? पानांच्या खाली अंडी किंवा अळ्या आहेत का? आणि त्या झाडांखाली जमिनीवर कोणत्या वनस्पती आहेत? शेवटचा प्रश्न अनेकांना अवांतर वाटतो, परंतु माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

कृष्णाकाठ (पलूस), १५ जुलै

चौथ्या चित्रातील कुरतडलेल्या पानासंबंधी सांगतो. पहिल्या वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि संध्याकाळी दिवेलागणीला कडुलिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात. आमच्या ऊसपट्ट्यात मे-जूनमध्ये रात्री फांद्या हलवून हे भुंगेरे खाली पाडायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत टाकायचे, ही मोहीम दरवर्षी असते, कारण त्यांच्या अळ्या पुढे उसाची मुळे खातात. तुमच्याकडे तोच प्रकार झाला असण्याची शक्यता आहे काय?

भिंगवाली (सातारा), १५ जुलै

कृष्णाकाठ, आपला मुद्दा विचार करण्याजोगा आहे, पण हुमणीचा भुंगेरा हा या पट्टेरी भुंगेऱ्याच्या दुपटीहून मोठा, विटकरी-तपकिरी आणि बिनपट्ट्यांचा असतो. त्याच्या मिशांची टोके पंख्याच्या पात्यांप्रमाणे उलगडतात. शिवाय तो दिवसा पानावर बसून राहत नाही. तेव्हा पट्टेरी भुंगेरे हुमणीचे नाहीत हे निश्चित. पान कोणी खाल्ले, हा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे सोडवावा लागेल. पानावर जो बसला आहे त्यानेच पान खाल्ले, असे गृहीत धरणे बरोबर नाही.

बांधावरचा (कोरेगाव तालुका), १६ जुलै

ताई, आपण विचारल्याप्रमाणे काल दुपारी दीड तास बांधावर बसून पाहिले. एक भुंगेरा काड्यापेटीत घालून घरी आणला आणि मुलीच्या भिंगाखाली पाहिला. मिशा लांब आहेत, पेरे मोजता आली, अकरा भरतात. पाऊल पाहताना तो सतत हलत असल्याने फार वेळ गेला, पण तिसरे पेर हृदयाच्या आकाराप्रमाणे दुभंगलेले स्पष्ट दिसले.

दीड तासात एकाही भुंगेऱ्याने निलगिरीचे पान खाल्ले नाही. ते पानाच्या कडेने चालतात, टोकाला जातात, मिशा हलवतात आणि परत फिरतात. अंडी किंवा अळी एकाही पानाखाली सापडली नाही. जवळपास साठ पाने उलटून पाहिली.

झाडांखालच्या वनस्पतींबद्दल सांगायचे तर आता तेथे जवळजवळ काहीच नाही. कंबरेइतके गाजर गवत माजले होते, ते फुलावर येण्याआधी काढावे म्हणून मी आणि भावाने दोन मजूर लावून ९ व १० जुलै रोजी कापून घेतले आणि ढीग करून ठेवले. भुंगेरे दिसू लागले ते त्यानंतरच, हे आता लिहिताना लक्षात येते.

होबार्टवासी (मूळचा वाईचा), १६ जुलै

मी गेली काही वर्षे टास्मानियात राहतो आणि येथील निलगिरीवरचे भुंगेरे रोज पाहतो, म्हणून आपल्या मूळ शंकेबद्दल लिहितो. आपण पाहिलेली चित्रे आणि आपला भुंगेरा यांत साम्य वाटले, ते उगीच नाही. दोन्ही पर्णभुंगेऱ्यांच्या एकाच उपकुळातील आहेत, बटाट्यावरील प्रसिद्ध कोलोरॅडो भुंगेराही त्यातलाच. घुमटाकार पाठ हे सगळ्या भाऊबंदांचे समान लक्षण आहे, त्यावरून जात ओळखता येत नाही.

येथे निलगिरीवर राहणाऱ्या अशा भुंगेऱ्यांच्या जाती पुष्कळ आहेत आणि त्या एकमेकांशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की अभ्यासकही रंगावर भरवसा ठेवत नाहीत. जिवंतपणी काहींच्या पाठीवर सोनेरी किंवा हिरवट झळाळी असते. भुंगेरा मेला आणि वाळला की ती झळाळी पार जाते आणि संग्रहातील नमुना फिकट तपकिरी दिसतो. वयानुसार आणि ऋतूनुसार एकाच जातीचा रंगही पालटतो. म्हणून येथे आधी पाठीवरच्या टणक पंखांवरील बारीक खळगे पाहतात. पॅरॉप्सिस या गटात ते विखुरलेले असतात, तर पॅरॉप्सिस्टर्ना गटातील बहुतेक जातींत ते पाभरीने पेरल्यासारखे ओळीत असतात. ट्रॅकिमेला गटातील भुंगेरे खडबडीत, मळकट आणि सालीशी एकरूप झालेले असतात, आणि दिवसा ते सालीच्या आड लपतात. पॅरॉप्सिस्टर्ना बायमॅक्युलाटा या येथील सर्वांत उपद्रवी जातीच्या मानेलगतच्या ढालीवर दोन काळे डाग असतात, आणि तिच्या नावाचा अर्थही तोच आहे.

अंडी घालण्याची रीत ही तर मला सर्वांत खात्रीची खूण वाटते. कोणती जात पानावर अंड्यांच्या रांगा मांडते, तर पॅरॉप्सिस अटोमारिया कोवळ्या पानाच्या टोकाभोवती किंवा काडीभोवती कडे घातल्याप्रमाणे अंडी लावते. यांच्या अळ्या डिवचल्या की शेपटीकडचा भाग वर उचलतात आणि त्यातून दोन ग्रंथी बाहेर काढतात. त्या वेळी कडू बदामासारखा वास येतो, कारण त्या स्रावात हायड्रोजन सायनाइड आणि बेंझाल्डिहाइड असते. मी एकदा बोटाने हळूच स्पर्श करून पाहिले होते. तो वास एकदा घेतला की विसरता येत नाही.

आपली भीती अनाठायी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. हे भुंगेरे ऑस्ट्रेलियाबाहेर पोहोचलेले आहेत. पॅरॉप्सिस चॅरिब्डिस १९१६ मध्ये न्यूझीलंडमध्ये आढळला आणि तेथील निलगिरीच्या लागवडीला त्याने फार त्रास दिला. त्याची अंडी पोखरणारी बारीक गांधीलमाशी १९८७ मध्ये तेथे मुद्दाम नेऊन सोडावी लागली. पॅरॉप्सिस्टर्ना सेलमानी ही जात २००७ मध्ये आयर्लंडमध्ये सापडली, आणि गंमत अशी की तोपर्यंत तिला शास्त्रीय नावही मिळालेले नव्हते. ते २०१३ मध्ये मिळाले. पण यांपैकी कोणतीही जात असती, तर साठ पाने उलटल्यावर एखादा तरी अंडीपुंज, एखादी तरी अळी आणि ताजी खाल्लेली पाने दिसलीच असती. निलगिरी हे ज्याचे अन्न आहे, तो कोवळ्या धुमाऱ्यावर उपाशी बसत नाही.

भिंगवाली (सातारा), १७ जुलै

होबार्टवासींचे मनापासून आभार. बांधावरचे दादा, तुमच्या गाजर गवताच्या उल्लेखाने माझी शंका जवळजवळ मिटली. हा मेक्सिकन भुंगेरा असावा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलोराटा. नावाचा पूर्वार्ध ग्रीक भाषेतील जू या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. पाठीच्या दोन्ही अर्धांवरचे पट्टे जुवाला जोडलेल्या बैलांसारखे जोडीने दिसतात, ते तुम्ही भिंगातून पाहिलेच असतील.

याची हकीकत आपल्या भागाशी जोडलेली आहे. गाजर गवताची, म्हणजे आपल्या काँग्रेस गवताची, भारतात ठळक नोंद झाली ती पुण्यात, १९५५ च्या सुमारास. पुढे ते रस्ते, पडीक जमिनी, बांध असे करीत देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज आणि चट्टे, परागाने दमा, असा त्रास किती घरांत आहे हे आपण सारे जाणतो. त्याचा नैसर्गिक शत्रू म्हणून हा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला, तेथे त्याची कसून तपासणी झाली आणि १९८४ पासून तो मोकळा सोडण्यात आला. पावसाळ्याच्या प्रारंभी तो जमिनीतून बाहेर येतो, गाजर गवताचे शेंडे आणि पाने खातो, पानाखाली पिवळसर-नारिंगी अंडी घालतो, आणि अळ्या पूर्ण वाढल्या की मातीत शिरून कोषात जातात. थंडी सुरू झाली की प्रौढ भुंगेरेही पुन्हा मातीत जाऊन पुढच्या पावसापर्यंत निपचित राहतात.

तुम्ही ९ आणि १० तारखेला त्यांचे सगळे ताट एकदम उचलले. भुकेले भुंगेरे जवळच्या उभ्या हिरव्या वस्तूवर चढले, आणि ती वस्तू तुमची निलगिरी निघाली, असे मला वाटते.

तरीही वाटणे आणि ठरणे यांत अंतर आहे, म्हणून एक सोपी चाचणी करा. काचेच्या दोन बरण्या घ्या. एकीत निलगिरीचे कोवळे पान, दुसरीत गाजर गवताचे ताजे पान ठेवा. दोन्हींत तीन-तीन भुंगेरे सोडून तोंडाला मलमलीचा कपडा बांधा आणि सकाळी पाहा. गाजर गवत हाताळताना हातमोजे नक्की घाला.

खानापूरकर (विटा), १७ जुलै

ताई, माझी ओळख चुकली हे मान्य करतो. मिशांकडे मी कधी लक्षच दिले नव्हते. पण एक काळजी विचारतो. आमच्या घाटमाथ्यावर काही जण सूर्यफूल घेतात आणि हा भुंगेरा सूर्यफूल खातो असे ऐकून आहे. तो गाजर गवत संपल्यावर निलगिरीवर चढू शकतो, तर सूर्यफुलावर का चढणार नाही?

भिंगवाली (सातारा), १८ जुलै

प्रश्न रास्त आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस कर्नाटकात सूर्यफुलावर हे भुंगेरे आढळले होते आणि त्यावरून मोठा वाद झाला; ते सोडणे थांबवावे इथपर्यंत चर्चा गेली. गाजर गवत आणि सूर्यफूल एकाच कुळातील आहेत, म्हणून शंका घेणे स्वाभाविकच होते. नंतरच्या अभ्यासात असे दिसले की शेजारच्या गाजर गवताचा पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडला होता आणि त्याच्या ओढीने भुंगेरे ती पाने कुरतडत होते. सूर्यफुलावर त्यांची वंशवाढ होऊन पिकाचे नुकसान होत राहील, अशी स्थिती निर्माण झाली नाही. चढणे, चाखणे आणि त्यावर पिढी वाढवणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. किडीचा निवाडा करताना मी नेहमी तिसरी गोष्ट शोधते.

त्याच वेळी या भुंगेऱ्याकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नये. त्याचे काम पावसाळ्यापुरते असते, आणि गाजर गवत तर ओल मिळाली की बाराही महिने उगवते.

बांधावरचा (कोरेगाव तालुका), १९ जुलै

चाचणीचा निकाल कळवतो. काल संध्याकाळी सहा वाजता दोन्ही बरण्या माजघरातील फळीवर ठेवल्या. आज सकाळी गाजर गवताच्या पानाची चाळण झाली होती. देठाकडचा भाग आणि मधली शीर उरली होती, आणि बरणीच्या तळाशी काळ्या विष्ठेचे बारीक कण पडले होते. निलगिरीचे पान जसेच्या तसे होते, आणि तिन्ही भुंगेरे कपड्याला उलटे लटकून होते. ते तीन भुंगेरे मग मी दुसऱ्या बरणीत हलवले. मुलीने घड्याळ लावून पाहिले; चौथ्या मिनिटाला पहिल्याने खायला सुरुवात केली.

तिसऱ्या चित्राची चूक माझी आहे. मोबाइलमधील चित्रे पुन्हा क्रमाने पाहिली, तेव्हा ते त्याच सकाळी घराच्या परसात वांग्याच्या झाडावर काढलेले निघाले. ताईंनी पानावरची लव बरोबर ओळखली होती. त्या वांग्याची पाने पाहिली, तर हिरवा भाग खरवडून जाळी झालेली आहे आणि पानाखाली पिवळ्या, काटेरी अळ्या आहेत.

चौथ्या चित्रातील खाल्लेल्या पानांसाठी रात्री नऊ वाजता विजेरी घेऊन गेलो. धुमाऱ्यांवर राखाडी रंगाचे, तोंड पुढे सोंडेसारखे निघालेले लहान भुंगेरे पानाच्या कडा कुरतडताना प्रत्यक्ष दिसले. एकूण सात मिळाले. फांदीला हात लागताच ते पाय आखडून खाली पडतात.

भिंगवाली (सातारा), १९ जुलै

फार चांगले काम केलेत. वांग्यावरचा तो एपिलॅक्ना, आणि येथे खानापूरकरांना अर्धे श्रेय द्यायला हवे, कारण तो खरोखर ढालकिड्यांच्याच कुळातील आहे. मात्र मावा न खाता पाने खाणारा. त्याची पाठ मित्र ढालकिड्यांसारखी चकचकीत नसते, तिच्यावर बारीक लव असल्याने ती मंद दिसते. अंडीपुंज आणि अळ्या हाताने वेचून नष्ट केल्या, तर परसातल्या चार झाडांना औषधाची गरज पडणार नाही.

राखाडी भुंगेरे सोंडकिडे आहेत. कडेने खाचा पाडणे ही त्यांचीच खूण, आणि सोळा वर्षांच्या खोडांच्या जोमदार धुमाऱ्यांना सात सोंडकिड्यांनी काही होत नाही. सकाळी खाली कापड धरून फांदी झटकली तरी पुरे.

होबार्टवासी (मूळचा वाईचा), २० जुलै

एक विनंती. पुढे कधी निलगिरीच्याच पानावर अंड्यांची रांग किंवा शेपूट उचलणाऱ्या अळ्या दिसल्या, तर पानासह छायाचित्र घ्या, नमुना स्पिरिटमध्ये ठेवा आणि कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पोहोचवा. जिवंतपणीच्या रंगाचे छायाचित्र आधी घ्यायला विसरू नका. पानांच्या शिरांवर आणि देठांवर गाठी दिसल्या तर मात्र तो भुंगेरा नव्हे. ते काम लेप्टोसायबी नावाच्या, जेमतेम एक मिलिमीटरभर लांबीच्या गांधीलमाशीचे. तीही मूळची इकडचीच, आणि भारतात ती २००१ च्या सुमारास कर्नाटकात प्रथम दिसली.

बांधावरचा (कोरेगाव तालुका), २१ सप्टेंबर

दोन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे. जुलैमध्ये ओढ्याच्या बाजूला गाजर गवताचा सुमारे अर्ध्या गुंठ्याचा एक तुकडा न कापता राहिला होता. बरणीतले आणि धुमाऱ्यांवरचे मिळून चाळीसेक भुंगेरे मी हातमोजे घालून तेथे नेऊन सोडले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पानांखाली नारिंगी अंडी दिसली आणि पाठोपाठ अळ्या आल्या. आज त्या तुकड्यातील बहुतेक झाडांना पाने उरलेली नाहीत, नुसत्या काड्या उभ्या आहेत, आणि फुले अगदी तुरळक धरली आहेत. जी धरली ती उपटून टाकली.

निलगिरीच्या धुमाऱ्यांवर आता एकही पट्टेरी भुंगेरा नाही. औषधाची बाटली सील न फोडता परत केली. शेजाऱ्यांचा घेवडा काढून झाला असून त्यांच्या मधपेट्या जागेवरच आहेत.

हा धागा पुढे कोणी शोधून वाचेल म्हणून पहिल्या प्रतिसादातील चित्रांखालच्या ओळी दुरुस्त केल्या आहेत. चित्र एक व दोन: मेक्सिकन भुंगेरा, निलगिरीवर केवळ बसलेला, अन्न गाजर गवत. चित्र तीन: एपिलॅक्ना, वांग्याचे पान, घराचे परस. चित्र चार: निलगिरीचे पान, सोंडकिड्याने रात्री खाल्लेले.